चेंडू नंतर दाखवा

फुटबॉलवरचे सिनेमे मी मिळतील तिथून बघत आले आहे, आणि आता माझं मत पक्कं झालंय. ज्या सिनेमात मॅच पोटभर दाखवतात, तो थिएटरबाहेर पडेपर्यंतच टिकतो. ज्यात मॅच भिंतीपलीकडे कुठेतरी चालू असते आणि माणसं तिच्यापर्यंत पोचायला जिवाचा आटापिटा करत असतात, तो मात्र वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाही. माझ्या भावाला हे अजिबात पटत नाही. त्याच्या मते फुटबॉलच्या सिनेमात फुटबॉल नसेल तर तिकिटाचे पैसे कशाला घालवायचे?

त्याचा आवडता सिनेमा 'मैदान', २०२४ सालचा. सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर सिनेमा यायलाच हवा होता, यात वाद नाही. हैदराबादचा एक शाळामास्तर देशाचा संघ बांधतो. तो संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा येतो, आणि मुंबईचा नेव्हिल डिसूझा तिथे यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक करतो. १९६२ मध्ये जकार्ताच्या एशियाडमध्ये दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून हाच रहीमसाहेबांचा संघ सुवर्णपदक आणतो, आणि पुढच्याच वर्षी कॅन्सर रहीमसाहेबांना घेऊन जातो. ही हकीकत कुणी चहाच्या टेबलावर नुसती सांगितली तरी अंगावर काटा येतो. जर्नैलसिंग मूळचा बचावफळीतला. त्याच्या डोक्याला टाके पडलेले, तरी रहीमसाहेबांनी त्याला पुढे आघाडीला खेळवला आणि फायनलमधला दुसरा गोल त्यानेच मारला. हे लेखकाने रचलेलं नाही, खरंच घडलंय.

आणि तरीही सिनेमातली ती शेवटची लांबलचक मॅच बघताना मी आतून शांत होते. कॅमेरा बुटांच्या उंचीवर, माती उडतेय, संगीत चढत चाललंय, सगळं मेहनतीने केलेलं. पण चेंडू कुठे जाणार हे कॅमेऱ्याला आधीच ठाऊक आहे. खऱ्या मॅचमध्ये ते कुणालाच ठाऊक नसतं. खरी मॅच नव्वद मिनिटांची, आणि त्यातला बराचसा वेळ काहीच घडत नाही. पास मागे जातो, थ्रो-इन होतो, कुणीतरी मोजे वर ओढतो. त्या रिकाम्या वेळात बघणारा कुढतो, चिडतो, देवाला हाक मारतो, आणि म्हणून गोल झाला की वेडा होतो. सिनेमाला हा रिकामा वेळ परवडत नाही. तो गोलामागून गोल दाखवतो. मग गोल नुसता दिसतो, छातीत धडधडत नाही.

याच्या उलट टोकाला अब्बास किआरोस्तमी यांचा 'द ट्रॅव्हलर' आहे. १९७४ चा, कृष्णधवल, जेमतेम सव्वा तासाचा. मलायेर नावाच्या इराणी गावातला कासम, दहा-बारा वर्षांचा, अभ्यासात ढ, फुटबॉलने झपाटलेला. तेहरानला राष्ट्रीय संघाची मॅच आहे आणि त्याला ती बघायचीच आहे. बसचं भाडं आणि तिकीट, दोन्हीला पैसे हवेत. तो घरातून पैसे चोरतो, शाळेत त्यापायी हातावर छड्या खातो, आणि तरी मागे हटत नाही.

मग येतो तो प्रसंग. कासमच्या हाती एक जुना, कामातून गेलेला कॅमेरा लागलाय. तो शाळकरी पोरांचे फोटो काढायला लागतो, पैसे घेऊन. एकेक मूल समोर येऊन उभं राहतं. कुणी केस नीट करतं, कुणी हात कुठे ठेवावेत या विचारात पडतं, कुणी अगदी गंभीर होतं. कासम डोळा बारीक करून बघतो, एखाद्याला थोडं सरकायला सांगतो, बटण दाबतो. फोटो कधीच निघणार नाहीये. किआरोस्तमी घाई करत नाहीत. ते मुलांचे चेहरे एकामागून एक आपल्याला दाखवत राहतात, आणि आपण एकाच वेळी त्या पोरांसाठी हळहळतो आणि कासमचे पैसे जमावेत म्हणून प्रार्थनाही करतो. यानंतर तो स्वतःच्या टीमचे गोलपोस्ट आणि चेंडूसुद्धा विकून टाकतो. फुटबॉल बघायला जाण्यासाठी फुटबॉल विकणारा मुलगा! इतकं खरं मी दुसऱ्या कुठल्या खेळाच्या सिनेमात पाहिलेलं नाही.

तो रात्रीच्या बसने तेहरानला पोचतो. रांगेत उभा राहतो, आणि त्याचा नंबर येतो तेव्हाच खिडकीवरची तिकिटं संपतात. ब्लॅकने तिकीट घेतो, आत जातो, तर मॅचला अजून काही तास आहेत. जरा फिरून येतो, दमलेला असतो, हिरवळीवर आडवा होतो. जाग येते तेव्हा स्टेडियम रिकामं झालेलं असतं. आपल्यालाही मॅच दिसत नाही. माझा भाऊ यावर म्हणाला, "म्हणजे फसवलंच की!" मला तसं वाटत नाही. त्या मॅचचा निकाल काय लागला हे मला आजवर जाणून घ्यावंसं वाटलेलं नाही. कासमला मात्र मी रस्त्यात ओळखेन.

मला हे इतकं का भिडतं, याचं कारण बहुधा माझ्या लहानपणात आहे. आम्ही कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमपासून घर हाकेच्या अंतरावर. कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल बाहेरच्यांना सांगितलं तर ते आधी विश्वासच ठेवत नाहीत. कुस्तीच्या तालमींची नावं इथे फुटबॉलच्या संघांना आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ. पेठांची ईर्ष्या त्या मैदानावर उतरते. वर्ल्ड कपच्या दिवसांत गल्लीच्या एका टोकाला ब्राझीलचा झेंडा आणि दुसऱ्या टोकाला अर्जेंटिनाचा, आणि मध्ये राहणाऱ्यांनी कुठल्या बाजूचे ते ठरवायचं. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हा शेजारीपाजारी घरचं कार्य असल्यासारखे टीव्हीपुढे बसले होते.

मॅच असली की दादा आणि त्याचे मित्र दुपारीच निघायचे. मला 'येऊ नकोस' असं कुणी कधी म्हटलं नाही, पण 'चल' असंही कुणी म्हटलं नाही. मुली जात नसत, एवढंच. मी गच्चीवर बसून ऐकायची. स्टेडियममधला आवाज सबंध पेठेवरून येतो आणि तो ऐकून ऐकून ओळखता येतो. चेंडू पुढे जायला लागला की एक गुरगुर उठते, चढत जाते. बाहेर गेला की ती एकदम 'अर्रर्र' करून कोसळते. कॉर्नरला टाळ्या लयीत पडायला लागतात. आणि गोल झाला की मग काही विचारू नका. फक्त गोल कुणी मारला ते कळत नसे. अर्धं स्टेडियम यांचं, अर्धं त्यांचं. ओरडणं दोन्हीकडचं सारखंच. फटाके कुठल्या पेठेच्या दिशेने वाजतात ते बघून मी अंदाज बांधायची आणि दादा परत आला की ताडून बघायची.

म्हणून जाफर पनाहींचा 'ऑफसाइड' पाहिला तेव्हा मी हलले. २००६ चा सिनेमा. इराणमध्ये तेव्हा बायकांना स्टेडियममध्ये पुरुषांची फुटबॉल मॅच बघायला बंदी होती, म्हणून काही मुली मुलांचे कपडे घालून आझादी स्टेडियममध्ये घुसायला बघतात आणि पकडल्या जातात. त्यांना स्टेडियमच्या वरच्या अंगाला, बाहेरच्या बाजूला, लोखंडी कठड्यांच्या कोंडवाड्यात उभं केलं जातं. पलीकडे इराण आणि बहारीन खेळतायत. ही मॅच खरीखुरी आहे, ८ जून २००५ ची, जर्मनीच्या वर्ल्ड कपसाठीची पात्रता फेरी, आणि पनाहींनी बरंचसं चित्रीकरण ती चालू असतानाच केलंय. इराण हरला असता तर सिनेमाचा शेवट वेगळा झाला असता.

मुलींना काही दिसत नाही. आवाज मात्र येतो. तीच गुरगुर, तोच चढ, तेच कोसळणं. मुली पहाऱ्यावरच्या शिपायाच्या मागे लागतात, निदान बघून सांग तरी. तो फटीतून बघतो आणि अर्धवट कॉमेंट्री करतो. त्याच्यापेक्षा या पोरींनाच खेळाडू जास्त माहीत आहेत, त्यामुळे त्या त्याला दुरुस्त करतात. शिपायांनाही यात पनाही खलनायक करत नाहीत. सक्तीची लष्करी नोकरी करणारी खेड्यातली पोरं ती. एकाचा जीव गावाकडच्या गुराढोरांत अडकलेला. एक मुलगी त्याला विचारते, जपानबरोबरच्या मॅचला जपानी बायका आत कशा होत्या? तो म्हणतो, त्यांना फारसी शिव्या कळत नाहीत. ती म्हणते, म्हणजे मी इराणमध्ये जन्मले हीच माझी चूक? शिपायाकडे उत्तर नसतं. त्याच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ एखाद्या मोठ्या भाषणापेक्षा जास्त बोलतो.

हा सिनेमा इराणमध्ये दाखवूच दिला नाही. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला सिल्व्हर बेअर मिळालं. पुढे २०१९ मध्ये सहर खोदायारी नावाची मुलगी पुरुषी वेशात स्टेडियमकडे गेली म्हणून पकडली गेली, आणि तुरुंगात जावं लागेल या भीतीने तिने कोर्टाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं. जगभर संताप उसळला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला काही हजार बायका तिकिटं काढून आझादीमध्ये बसल्या. इराणने कंबोडियाला १४-० ने हरवलं. अशा एकतर्फी मॅचला मी एरवी मॅचही म्हटलं नसतं, पण ती मी सबंध शोधून पाहिली, आणि मैदानापेक्षा त्या बायकांकडेच बघत राहिले.

याच माळेतला आणखी एक, थोडक्यात सांगते: 'द कप', १९९९. भूतानचे लामा ख्येन्त्से नोर्बू यांनी हिमाचलातल्या बीर इथे, खऱ्या मठात, खऱ्या भिक्षूंना घेऊन केलेला. छोट्या भिक्षूंना १९९८ ची फ्रान्स-ब्राझील फायनल बघायची आहे, टीव्ही भाड्याने आणायचाय, पैसे कमी पडतात म्हणून तिबेटातून नुकत्याच पळून आलेल्या एका पोराचं घड्याळ गहाण पडतं. आणि ज्याने ही सगळी खटपट केली त्या ओर्ग्येनचं लक्ष फायनल सुरू झाल्यावर मॅचमध्ये लागतच नाही, त्या घड्याळात अडकून पडतं. फ्रान्सच्या झिदानने हेडरने मारलेले दोन गोल आपण नीट बघत नाही, कारण आपणही घड्याळाचाच विचार करत असतो. मुलांना दाखवायला याच्यासारखा दुसरा नाही.

'झुंड'बद्दल लोकांनी फार बोलून झालंय, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नागपूरच्या विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलच्या कामावर बेतलेला नागराज मंजुळेंचा हा सिनेमा २०२२ मध्ये आला, तेव्हा बऱ्याच जणांची तक्रार होती की मध्यंतरानंतर तो रेंगाळतो, फुटबॉल सोडून देतो. माझ्या लेखी तो तिथेच उभा राहतो. पहिल्या भागातली वस्तीची पोरं विरुद्ध कॉलेजची पोरं ही मॅच मजेदार आहे, शिट्ट्या पडतात. पण रिंकू राजगुरूने केलेली मोनिका आणि तिचा बाप एका पासपोर्टसाठी ज्या वणवणीतून जातात, आपण कोण आहोत याचा कागद गोळा करत फिरतात, ती माझ्या मते या सिनेमातली सर्वात चुरशीची मॅच आहे. इथेही कासम आहे, इथेही कोंडवाडा आहे. खेळायला येतं, पाय तयार आहेत, आणि फाटकावर माणूस विचारतो, तुमचं नाव सिद्ध करा. सिनेमा रेंगाळतो म्हणणाऱ्यांनी एकदा त्या दाखल्यांच्या रांगेत उभं राहून बघावं. तिथे वेळ असाच जातो.

आता टीव्ही. टीव्हीने मला फुटबॉल दिला, हे मी कधीच विसरणार नाही. १९८६ च्या मेक्सिको वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिना-इंग्लंड मॅच तिकडे भर दुपारी बारा वाजता सुरू झाली, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा. दूरदर्शनवर तो वर्ल्ड कप बघायला शेजारच्या घरात अख्खी गल्ली जमायची आणि तिथे 'चल' म्हणायची गरज नव्हती, मुली-बायका सगळ्या यायच्या. मॅराडोना निम्म्या मैदानावरून इंग्रजांना मागे टाकत गेला तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या आजी "अगं बाई, अगं बाई" एवढंच म्हणत होत्या. त्यांना नियम ठाऊक नव्हते. काहीतरी अचाट चाललंय हे त्यांना पुरेपूर कळलं होतं.

पण टीव्ही चेंडूला बांधलेला असतो, आणि फुटबॉल निम्म्याहून जास्त चेंडूपासून लांब घडतो. २००६ ची वर्ल्ड कप फायनल आठवा, बर्लिनची, फ्रान्स आणि इटलीची. जादा वेळेत एकदम खेळ थांबतो, इटलीचा मातेरात्सी जमिनीवर पडलेला, कुणाला काही कळत नाही. सबंध जगाचे डोळे लागलेले असताना त्या फायनलची सर्वात मोठी घटना थेट प्रक्षेपणात दिसलीच नाही, कारण चेंडू दुसरीकडे गेला होता आणि मुख्य कॅमेरा त्याच्या मागे होता. झिदानने छातीत मारलेली ती धडक आपण सगळ्यांनी पाहिली ती रिप्लेमध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, २३ एप्रिल २००५ ला, रेआल माद्रिद आणि व्हियारेआलच्या मॅचमध्ये डग्लस गॉर्डन आणि फिलिप पारेनो या दोन कलावंतांनी सतरा कॅमेरे फक्त झिदानवर रोखून एक चित्रपट केला होता. चेंडू आला तर आला. झिदान चालतो, थांबतो, बूट गवतावर घासतो, घाम पुसतो, आणि मॅच संपत आली असताना बाचाबाची होऊन लाल कार्ड घेऊन निघून जातो. कंटाळवाणा आहे म्हणून पुष्कळांनी मध्येच सोडला. मी म्हणेन, सोडू नका. शेजारी माणूस बसून आहे पण आपल्याशी बोलत नाही, अशा वेळी आपण त्याच्याकडे जितकं बघतो तितकं त्यात झिदानकडे बघायला मिळतं.

व्हीएआरबद्दल, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासण्याच्या पद्धतीबद्दल, माझं मत कडवट आहे. २०१८ पासून वर्ल्ड कपमध्ये ते आलं, निर्णय जास्त बरोबर येतात, हे मान्य. पण गोल झाल्यावरचा जो क्षण असतो, ज्यासाठी कासमने आपले गोलपोस्ट विकले, तो आता रेफरीने कानाला हात लावेपर्यंत तारणावर ठेवायचा. खांदा रेषेच्या किती पुढे होता हे मोजून झालं की मग ओरडायची परवानगी. न्याय झाला, पण ओरडणं गेलं. मला ओरडणं हवंय.

पुस्तकांत मात्र ही अडचण नाही, कारण पुस्तकाला चेंडू दाखवताच येत नाही. माझ्या कपाटात क्रिकेटच्या मराठी पुस्तकांची ओळ आहे आणि फुटबॉलची दोन-चार, तीही इंग्रजीतली. निक हॉर्नबी यांचं 'फीव्हर पिच' (१९९२) आर्सेनल या लंडनच्या क्लबबद्दल आहे असं म्हणतात, पण ते आर्सेनल बघणाऱ्याबद्दल आहे. आईवडिलांचं वेगळं होणं, नोकऱ्या, प्रेमं, सगळं मॅचच्या तारखांवर टांगलेलं. १९८९ मध्ये लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर आर्सेनलच्या मायकल थॉमसने अगदी शेवटच्या क्षणी मारलेला गोल त्यात आहे, आणि त्या गोलापेक्षा तो टीव्हीवर बघणाऱ्यांची अवस्था मला जास्त पाठ आहे.

आणि उरुग्वेचे एदुआर्दो गालेआनो. १९९५ साली आलेलं त्यांचं फुटबॉलवरचं पुस्तक म्हणजे दीड-दोन पानी तुकड्यांची गोधडी. कुठूनही उघडावं. स्वतःच्या देशावर त्यांचं अपार प्रेम, आणि तरी समोरच्या संघाने सुंदर खेळ केला तर त्याला मनापासून दाद देणारा हा माणूस. वर्ल्ड कपच्या महिन्यात ते दारावर 'फुटबॉलनिमित्त बंद' अशी पाटी लावायचे. त्यांच्या पुस्तकातला एक तुकडा मी इतक्यांदा वाचलाय की ते पान आपोआप उघडतं.

१६ जुलै १९५०, रिओचं माराकाना स्टेडियम, वर्ल्ड कपची निर्णायक मॅच. ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती, विजयाची सगळी तयारी आधीच झालेली. उरुग्वे पिछाडीवरून २-१ ने जिंकतं. शियाफिनोने बरोबरी केली, जिज्जियाने दुसरा गोल मारला, आणि ब्राझीलचा गोलकीपर बार्बोसा पुढे जन्मभर त्या गोलाची शिक्षा भोगत राहिला. जिंकलेल्या संघाचा कप्तान ओब्दुलियो वारेला त्या रात्री हॉटेलातून एकटाच बाहेर पडला आणि रिओच्या बारमधून फिरत, हरलेल्या माणसांच्या गळ्यात गळे घालून पहाटेपर्यंत पीत बसला. दुपारी त्याने त्यांचं काळीज तोडलं होतं. रात्री त्यांना रडताना बघून त्याला वाईट वाटत होतं.

यावर कुणीतरी सिनेमा करायला हवा, असं मला फार दिवसांपासून वाटतं. मॅच दाखवू नये. जिज्जियाचा गोलही नको. शेवटची शिट्टी वाजून गेल्यावर सुरुवात करावी आणि वारेला हॉटेलवर परत येईपर्यंत त्याच्या मागे मागे जावं. मागे एकदा फोनवर मी दादाला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "असला सिनेमा बघणार कोण?" मी म्हटलं, मी बघीन. आणि तिकिटं दोन काढीन, तू चल.